मुळशीची जमीन आणि विजेचा हिशेब

पुण्याच्या नारायण पेठेंत लोकमान्य टिळकांनीं विकत घेतलेला गायकवाड वाडा 'केसरी'चें घर म्हणून प्रसिद्ध आहे. १९२१ सालीं या पत्रांतून आणि शहराच्या सभांतून एका प्रश्नाची चर्चा चालली होती: मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळावी म्हणून मुळशीच्या खोऱ्यानें पाण्याखालीं जावें काय?

टाटा कंपनीनें मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचें योजिलें होतें. सह्याद्रीच्या माथ्यावरून पाणी कोंकणांत सोडून वीज काढावी, म्हणजे कोळसा वाचेल, असा तो विचार होता. उलट पक्षीं मावळ्यांचीं भातखाचरें, घरें व देवळें बुडणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रहास आरंभ झाला. पुढें पां. म. बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें आणि 'सेनापति' हें बिरुद त्यांस याच लढ्यानें मिळालें. लढा १९२४ पर्यंत चालला. तथापि धरण झालें, व १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें.

त्या वादांत दोन हिशेब मांडले गेले: एक वाचणाऱ्या कोळशाचा, दुसरा बुडणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याचा. तिसरा हिशेब त्या काळीं कोणी मांडला नाहीं. माती व झाडझाडोरा यांत कर्ब सांठलेला असतो. तो पाण्याखालीं प्राणवायूवांचून कुजला म्हणजे मिथेन वायु सुटतो, आणि शंभर वर्षांच्या मोजमापानें हा वायु कर्बाम्ल वायूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, पंचवीसपटींहून अधिक उष्णता कोंडतो. जगांतील जलाशयांतून सुटणाऱ्या अशा वायूंचा वांटा मानवनिर्मित उत्सर्जनाच्या सुमारें १.३ टक्के असावा, असा अंदाज २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिलेला आहे.

पाणी कोंडल्यानें जें घडतें, तसेंच कांहीं पाणी काढून टाकल्यानेंहि घडतें. आयर्लंडसारख्या थंड व ओल्या देशांत वनस्पति हजारों वर्षें अर्धवट कुजत साचून 'पीट' नांवाची काळी भूमि बनली आहे. पृथ्वीच्या जमिनीपैकीं केवळ तीन टक्के भाग तिनें व्यापला आहे. पण जगांतील सर्व अरण्यांच्या झाडोऱ्याहून अधिक कर्ब तींत सांठला आहे. पवनचक्क्यांसाठीं तेथें रस्ते व चर खणले कीं पाणी ओसरतें, प्राणवायु आंत शिरतो आणि सांठलेला कर्ब हवेंत जाऊं लागतो. गॉलवे परगण्यांतील डेरीब्रायन येथें १६ ऑक्टोबर २००३ रोजीं पवनचक्क्यांचें काम चालू असतां अशा भूमीचा मोठा कडाच घसरला. परिणामांची रीतसर तपासणी झाली नाहीं म्हणून २०१९ सालीं युरोपीय न्यायालयानें आयर्लंडला ५० लक्ष युरो दंड केला. २०२२ सालीं त्या चक्क्या थांबल्या.

यावरून पाण्याची वा वाऱ्याची वीज त्याज्य ठरत नाहीं. बहुतेक ठिकाणीं ती कोळशाच्या विजेहून पुष्कळच निर्मळ असते. परंतु सह्याद्रींत आज उदंचन जलविद्युतीच्या नव्या योजना आंखल्या जात आहेत. त्यांचा जमाखर्च मांडतांना वाचणारा कोळसा व द्यावयाचा मोबदला यांजबरोबर बुडणाऱ्या व खणल्या जाणाऱ्या मातीचाहि आंकडा प्रथमच मांडला गेला पाहिजे. जमीन हीच मुख्य बाब आहे, हें मुळशीचे शेतकरी शंभर वर्षांपूर्वीं सांगत होते.