श्वासनलिकेला ‘वर’ कुठे हे कसे कळते?

भोगीला आपल्याकडे भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. इथे चेन्नईत त्या पहाटे दारासमोर जुने सामान जाळतात, आणि नाकातोंडात गेलेली काजळी पुढे कफातून बाहेर पडते. ती वर कोण आणते? श्वासनलिकेच्या अस्तरातील अनेक पेशींवर दोनशेच्या आसपास सिलिया असतात. पुस्तकी मराठीत पक्ष्माभिका. सेकंदाला दहा-बारा फटके मारून त्या कफ घशाकडे ढकलतात.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. अनेक वर्षे वर्गात हे उदाहरण देताना मी मोटर समजावून थांबत असे. इतिहासही आधी मोटरच्याच मागे गेला. १८३४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे पुर्किन्ये आणि व्हॅलेंटिन सशाच्या अंडवाहिनीत अंडी शोधत होते. त्यांना अस्तराचे तुकडे आपोआप फिरताना दिसले. मग श्वासमार्गातही तीच हालचाल सापडली. १९५४ मध्ये फॉसेट आणि पोर्टर यांनी सिलियातील रचना दाखवली: कडेने नलिकांच्या नऊ जोड्या, मध्ये दोन नलिका. १९६५ मध्ये गिबन्स आणि रो यांनी त्यातल्या मोटर-प्रथिनाला डायनीन हे नाव दिले. १९७६ मध्ये स्वीडनच्या ॲफ्झेलियस यांनी दाखवले, की सतत ब्रॉन्कायटिस आणि सायनसने हैराण असलेल्या काही पुरुषांचे शुक्राणूही हलत नव्हते. डायनीनच नसल्याने दोन्हीकडची मोटर बंद होती.

पण समजा, मोटर ठणठणीत आहे आणि निम्मे वल्हेकरी उलटे वल्हवत आहेत. होडी जागची हलेल का?

या प्रश्नाचा धागा मिळाला फळमाशीच्या पंखावर. तिथले सगळे केस एकाच दिशेला झुकलेले असतात. १९८२ मध्ये गब आणि गार्सिया-बेलिडो यांनी ही शिस्त बिघडवणारी जनुके तपासली. पुढे कळले ते असे: फ्रिझल्ड नावाचे प्रथिन पेशीच्या एका कडेला जमते, व्हँग समोरच्या कडेला. एकीचे फ्रिझल्ड शेजारणीच्या व्हँगला भिडते आणि दिशा पेशीगणिक पुढे जाते. कुणी मुकादम लागत नाही!

२०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने उंदराच्या श्वासनलिकेत हीच व्यवस्था दाखवली. आधी कडा ठरतात, मग सिलियांचे पाये पेशीच्या पृष्ठभागाशी येऊन बसतात आणि वळतात. पायांपासून सूक्ष्मनलिका फ्रिझल्डच्या कडेपर्यंत जातात. त्या मोडल्या, की सिलिया वाकड्यातिकड्या दिशांना तोंड करतात.