श्वास देणारे हात, ऐकणारे कान : अतिदक्षता विभागातील मानसशास्त्रज्ञाची गोष्ट

#थ्रेड

१/ अतिदक्षता विभागातून बरा होऊन परतलेला माणूस कधीकधी घरच्यांना हळूच विचारतो, "रात्री मला तळघरात कशाला नेत होते?" किंवा "ती नर्स मला मारायला टपली होती, तुम्हाला कुणालाच कसं कळलं नाही?" असे काहीही घडलेले नसते. त्याच्या लेखी मात्र ते घडलेले असते. रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाचे काम या दोन सत्यांच्या मधल्या जागेत चालते. ही जागा वैद्यकाच्या लक्षात यायला सुमारे अर्धे शतक लागले. त्याचा हा इतिहास.

२/ आरंभ कोपनहेगनमध्ये. १९५२च्या उन्हाळ्यात तेथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात काही दिवशी पन्नासच्या घरात रुग्ण दाखल होत. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी तेथे एक लोहफुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे, एवढीच सामग्री होती. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

३/ विभागप्रमुख लासेन यांनी अखेर भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना पाचारण केले. २७ ऑगस्ट रोजी इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची ही रोजची युक्ती वॉर्डातल्या खाटेवर आली. मुलगी वाचली.

४/ पण पिशवी दाबायची कोणी, आणि किती दिवस? सुमारे १५०० वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे त्यांनी हातांनी श्वास दिला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून एक चतुर्थांशाच्या आसपास उतरले. आधुनिक अतिदक्षता उपचारांचा जन्म येथे झाला, असे वैद्यकाचा इतिहास मानतो.

५/ या कथेतील एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. गळ्यात नळी असल्याने ती मुले बोलू शकत नव्हती, परंतु त्यांतली बरीचशी शुद्धीवर होती. उशाशी बसलेला विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवी, खेळ खेळे, ओठांवरून आणि डोळ्यांवरून त्यांचे म्हणणे ओळखी. श्वास देणारा आणि सोबत करणारा, दोन्ही माणूस एकच होता. ही सोबत कोणी 'उपचार' म्हणून लिहून दिली नव्हती. ती आपसूक मिळत होती.

६/ १९५३च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच कम्युन रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. पुढे हाताची जागा व्हेंटिलेटरने घेतली. यंत्र थकत नाही, त्याला झोप लागत नाही, म्हणून असंख्य जीव वाचले. मात्र हात गेला तसा त्या हातामागचा माणूसही उशापासून उठला. आपसूक मिळणारी सोबत संपल्याची नोंद कोणी केली नाही.

७/ परिणामांची पहिली चाहूल लोहफुप्फुसाच्या रुग्णांमध्ये लागली होती. मॅकगिल विद्यापीठात डॉनल्ड हेब यांच्या सहकाऱ्यांनी १९५४मध्ये दाखवून दिले की, निरोगी तरुणांनाही दृश्य, आवाज आणि स्पर्श यांपासून तोडून ठेवले तर भास होऊ लागतात. १९५८मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी यंत्रातल्या पोलिओ रुग्णांना होणाऱ्या भासांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांनाही तशाच यंत्रात झोपवून पाहिले. तेही अस्वस्थ झाले, त्यांतल्या काहींना भास झाले.

८/ मग हृदयशस्त्रक्रियेचा काळ आला. १९६४-६५च्या सुमारास अमेरिकेतील अनेक रुग्णालयांतून एकच बातमी येऊ लागली : शस्त्रक्रिया यशस्वी, रुग्ण काही दिवस अगदी ठीक, आणि नंतर एकाएकी त्याला नसलेली माणसे दिसू लागतात. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांनी बोट ठेवले ते सलग झोप न मिळण्यावर, यंत्रांच्या एकसुरी आवाजावर, दिवस-रात्र न कळण्यावर.

९/ १९७२मध्ये विल्सन यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचे दोन गट तपासले. खिडक्या नसलेल्या विभागात ४० टक्के रुग्णांना भ्रम झाला, खिडक्या असलेल्या विभागात १८ टक्क्यांना. खिडकी हे एकमेव कारण नव्हते, हे पुढे स्पष्ट झाले. पण रुग्णालयाची वास्तूही मनाला आजारी पाडू शकते, हा विचार येथून रुजला.

१०/ आपल्या भाषेत या अवस्थेला जुने नाव आहे : वात. 'वातात बरळतोय' असे घरातील वडीलधारी माणसे म्हणत. वैद्यकात तिला डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता, काही औषधे, झोपमोड यांमुळे मेंदूचे काम तात्पुरते कोलमडते. बरळणारा, नळ्या ओढणारा रुग्ण सर्वांना दिसतो. मात्र अनेकांचा वात मुका असतो. ते शांत पडून राहतात, आणि 'पेशंट शांत आहे' अशी नोंद होते.

११/ १९८०-९०च्या दशकांत उपाय म्हणून गाढ गुंगी देण्याकडे कल झुकला. हेतू दयेचाच होता : झोपलेल्याला यातना कळणार नाहीत. २०००मध्ये शिकागोच्या जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी रोज एकदा गुंगीचे औषध थांबवून रुग्णांना जागे केले. व्हेंटिलेटरवरचा काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला. गाढ गुंगी ही फुकटची दया नव्हती.

१२/ आणि झोपलेल्याला खरेच काही कळत नव्हते का? लिव्हरपूलजवळील व्हिस्टन रुग्णालयाच्या ख्रिस्टिना जोन्स यांनी २००१मध्ये एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. नळी घातल्याची, वेदनेची खरी आठवण ज्यांना होती, ते तुलनेने सावरले. ज्यांना खरे काहीच आठवत नव्हते, फक्त भास आठवत होते, त्यांना आघातोत्तर ताणाचा अधिक त्रास झाला. खरी आठवण, ती कटू असली तरी, माणसाला उभे राहायला जमीन देते.

१३/ त्याच वर्षी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वेस्ली ईली यांच्या गटाने बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा वात ओळखण्याची सोपी चाचणी दिली. तपासणारा अक्षरे उच्चारतो आणि ठरावीक अक्षर आले की रुग्णाने हात दाबायचा. २००४मध्ये याच गटाने दाखवले की, वात झालेल्यांपैकी ३४ टक्के रुग्ण सहा महिन्यांत दगावले, तर न झालेल्यांपैकी १५ टक्के. 'होतं असं, जाईल आपोआप' हे वाक्य आता निर्धास्तपणे म्हणता येत नव्हते.

१४/ पुढचा धक्का २०१३चा. ८२१ रुग्णांच्या अभ्यासात ७४ टक्क्यांना रुग्णालयात असताना वात झाला होता. वर्षभरानंतरही दर तिघांपैकी एकाची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी डोक्याला मध्यम स्वरूपाचा मार बसलेल्या माणसाइतकी खालावलेली होती. हिशेब चुकणे, वाचलेले न टिकणे, कामावर परतता न येणे. त्याआधीच, २०१२मध्ये, शरीर, बुद्धी आणि मन यांच्या या उरलेल्या दुखण्याला एकत्रित नाव देण्यात आले होते, आणि त्यात कुटुंबीयांच्या मानसिक त्रासाचाही समावेश होता.

१५/ मानसशास्त्रज्ञ या विभागात आला तो या वाटेने. तो काय करतो? रुग्णाला रोज वार, स्थळ, घडलेल्या गोष्टी सांगतो. अक्षरांच्या तक्त्यावरून त्याचे म्हणणे समजून घेतो. 'नर्स मला मारणार आहे' असे कळल्यावर तो 'वेड्यासारखं बोलू नका' म्हणत नाही आणि 'खरं आहे' असेही म्हणत नाही. 'तुम्हाला भीती वाटतेय ती खरी आहे, ती कशामुळे वाटते ते सांगतो,' इथून तो सुरुवात करतो. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांचे म्हणणे उलगडून देतो. एखादा रुग्ण गेल्यावर त्याची सेवा केलेल्या नर्सशीही बोलतो.

१६/ याचा उपयोग होतो का? इटलीतील फ्लॉरेन्सच्या कारेज्जी रुग्णालयाने विभागातच मानसशास्त्रज्ञ नेमले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, वर्षभरानंतर आघातोत्तर ताणाचा मोठा धोका असलेल्यांचे प्रमाण आधीच्या गटात ५७ टक्के होते, नव्या गटात २१ टक्के. आकडे विलक्षण आहेत. मात्र ही 'आधी आणि नंतर'ची तुलना होती. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते.

१७/ तशी कठोर परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. मानसशास्त्रज्ञ डोरोथी वेड आणि सहकाऱ्यांनी २४ विभागांतील १४५८ रुग्णांवर प्रयोग केला. प्रशिक्षित नर्सेसनी रुग्णांशी तीन नियोजित बैठकांत संवाद साधला. २०१९चा निष्कर्ष : आघातोत्तर ताणात लक्षणीय फरक नाही. रुग्णासाठी रोजनिशी लिहिण्याच्या उपायाचेही तेच. २०१०च्या युरोपीय अभ्यासात त्रासाचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तर २०१९च्या मोठ्या फ्रेंच अभ्यासात ठोस फायदा आढळला नाही.

१८/ म्हणून हे काम निरर्थक ठरते का? तसे म्हणता येणार नाही. थोडक्या प्रशिक्षणावर रुग्णाशी केलेल्या तीन बैठका, आणि विभागात रोज हजर असणारा जाणता माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा उपयोग दिसला नाही. दुसरीची तेवढीच कठोर परीक्षा व्हायला हवी. दुःख सिद्ध झालेले आहे, उपायाचा शोध चालू आहे.

१९/ २०२०मध्ये कोविडने तीच उणीव जगभर उघडी पाडली. नातेवाईक दाराबाहेर, आत चेहरे झाकलेली माणसे. थकलेल्या नर्सेस फोन हातात धरून रुग्णाला घरच्यांचे चेहरे दाखवत होत्या. महाराष्ट्रातील हजारो घरांनी हे अनुभवले आहे. भारतात अतिदक्षता तज्ज्ञांची संघटना १९९३मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि ही शाखा वेगाने वाढली. तरीही आपल्याकडील बहुतेक अतिदक्षता विभागांत मानसशास्त्रज्ञाचे पद आजही नाही.

२०/ त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट घरातच दडून राहते. 'डोक्यावर परिणाम झाला' असे लोक म्हणतील, कोणी 'बाहेरची बाधा' ठरवील, या भीतीने माणूस ते भास कोणाला सांगत नाही. रात्री दिवा चालू ठेवून झोपतो, तपासणीसाठी रुग्णालयात जायचे टाळतो. घरच्यांना वाटते, जीव वाचला, आता हा असा का वागतो?

२१/ आपल्या घरी असे कोणी परतले असेल, तर त्यांना तेथील दिवस क्रमाने सांगा : कधी दाखल केले, नळी कधी घातली, कधी काढली, कोण कोण भेटायला आले. 'आत असताना काय काय दिसलं?' हेही विचारा आणि मधे न तोडता ऐका. दुःस्वप्ने, भीती, विसराळूपणा महिनाभराने ओसरला नसेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ यांना दाखवा, आणि रुग्ण अतिदक्षता विभागात होता हे त्यांना आवर्जून सांगा. कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांनी श्वासासोबत जे दिले होते, त्यातला काही भाग घरच्या माणसांनाही देता येतो.

(समाप्त)