ओठावरची लव आणि उसनी हत्यारं

लग्नसराई तोंडावर आली की मोसम नदीकाठच्या नामपुरात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक कांद्याच्या बाजारात, दुसरी पार्लरात. बागलाण तालुक्यातलं हे कांदा-डाळिंबाचं मोठं बाजारगाव. अशा गावातल्या पार्लरचा संसार आटोपशीर असतो: भिंतीवर आरसा, मागे कलणारी खुर्ची, पावडरचा डबा आणि सुती दोऱ्याचं रीळ. कॉलेजातली मुलगी आत येते आणि मराठीत कधीच मुरलेल्या शब्दांत सांगते, ‘आयब्रो आणि अप्पर लिप.’ पार्लरवाली दोऱ्याचं एक टोक दातात धरते, उरलेल्याचा पीळ घातलेला फास दोन्ही हातांच्या बोटांत ताणते आणि कामाला लागते. जीभ आतून ओठाला लावून कातडी ताणायची, हे मुलीला सांगावं लागत नाही. डोळ्यांतून पाणी येतं, पाच मिनिटांत काम संपतं, आणि तीनेक आठवड्यांनी पुन्हा यावं लागतं.

या कामासाठी माणसाने आजवर जी जी साधनं वापरली, त्यांतली बहुतेक मुळात दुसऱ्याच कशासाठी जन्माला आली होती. कुणी जखमेसाठी, कुणी पापणीसाठी, कुणी कातड्यासाठी, तर एक चक्क कर्करोगासाठी. खुद्द दोराही शिवणाच्या डब्यातून उठून आलेला.

मराठी घरातलं स्वतःचं म्हणावं असं साधन एकच, डाळीचं पीठ. बाळंतिणीच्या खोलीत डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून बाळाचं अंग चोळायचं, म्हणजे कपाळावरची, पाठीवरची लव जाते, हा आज्यांचा ठाम विश्वास. ती लव आईच्या पोटात असतानाच आलेली असते आणि जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआप गळते. श्रेय मात्र पिठाला मिळतं. पुढे हीच मुलगी वयात आली की तेच उटणं तिच्या हनुवटीला लागतं. त्याने मळ निघतो, कातडी तुकतुकीत होते, वाळलेलं पीठ खसाखसा चोळलं तर काही बारीक केसही तुटतात. मुळाला धक्का लागत नाही.

तरी आज्यांना एवढी घाई का, याचं उत्तर जुन्या पोथ्यांत सापडतं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणती मुलगी करू नये याची यादी आहे. तीत अंगावर अजिबात केस नसलेली आणि फार केस असलेली, दोघीही बाद ठरतात. म्हणजे पोरीने लव ठेवायची, पण बेताची! दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहणाऱ्या पाहुण्यांनी हा श्लोक वाचलेला नसतो, पण नजर तीच असते.

औषधाने केस काढण्याचा जुना पाठ सुश्रुतसंहितेत आहे, आणि तो सौंदर्यासाठी नाही. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांतला एक ‘लोमापहरण’, म्हणजे जखमेच्या आसपासचे केस घालवणं. त्यासाठी शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग असा लेप दिला आहे. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचं पिवळं संयुग, पोथीतली चुकलेली अक्षरं ज्याने झाकत तेच. तुर्की हमामांतल्या बायका हेच हरताळ चुन्यात कालवून ‘रुस्मा’ नावाने लावत. केस खरोखर जात. फार वेळ ठेवलं तर कातडीही जाई.

दोऱ्याच्या वयाबद्दल बोलताना मासिकं आणि पार्लरच्या जाहिराती सहज ‘सहा हजार वर्षं’ म्हणून टाकतात. सूत कुजतं, त्यामुळे असं म्हणायला कुणाचा विरोधही होत नाही. त्यापेक्षा दोरा कुठे कुठे रुजला, हे पाहणं अधिक मोलाचं. इराणात त्याला ‘बंद अंदाझी’ म्हणतात. तिथे पूर्वी लग्नापर्यंत मुलीच्या चेहऱ्याला दोरा लावत नसत आणि लग्नाआधी तो लावणं हा सोहळाच असे. चीनमध्येही लग्नाआधी नवरीच्या चेहऱ्यावरची लव दोऱ्याने काढून तिचा ‘चेहरा उघडत’. दोन्हीकडे दोरा ही कुमारिका आणि विवाहिता यांच्यातली खूण होती. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ‘लग्न ठरल्याशिवाय आयब्रो करायच्या नाहीत’ हा दंडक परवापरवापर्यंत होता, तो याच कुळातला. गंमत अशी की त्याच इराणात एकोणिसाव्या शतकात, काजार राजवटीत, बाईच्या वरच्या ओठावरची पुसट मिशी सौंदर्याची खूण मानली जाई. चित्रकार ती मुद्दाम रंगवत. अफसानेह नजमाबादी या इतिहासकार बाईंनी 2005 सालच्या आपल्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलं आहे.

मिशीचा असाच एक घोळ नाशिक जिल्ह्याच्या सुपुत्रालाही निस्तरावा लागला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढत होते, तेव्हा पडद्यावर यायला बाई मिळेना. तारामतीचं काम मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना मिळालं. स्त्री भूमिका करायची तर मिशी उतरवायला हवी, आणि मिशी उतरवायची ती वडील गेल्यावर, ही रीत. तेव्हा पुरुष नटांची समजूत घालावी लागली. 1913 मध्ये प्रेक्षकांपुढे आलेल्या या नायिकेचा वरचा ओठ वस्तऱ्याने साफ केलेला होता. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली.

वस्तऱ्याची एक बदनामी मात्र खोटी आहे. एकदा फिरवला की केस राठ आणि दाट येतात, असं नामपूरपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्या आया सांगतात. 1928 मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांवर हे तपासून पाहिलं. केसांच्या वाढीत फरक पडला नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला टोचतं, इतकंच.

पाश्चात्त्य वैद्यकाने या कामाला जी साधनं पुरवली, त्यांच्या कुळकथा तर आणखी आडवळणाच्या. सेंट लुईसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांच्यापुढे प्रश्न होता पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात त्याचा. त्यांनी केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडली आणि 1875 मध्ये ते प्रसिद्ध केलं. तीच इलेक्ट्रोलिसिस. केस कायमचा घालवणारी पद्धत म्हणून तिचं नाव आजही पहिलं घेतलं जातं. मात्र एकेका केसाला सुई लावायची असल्याने वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात.

क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष होतं तोच, 1896 मध्ये, व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी ते पाठीवर केसाळ तीळ असलेल्या पाच वर्षांच्या मुलीवर वापरले. केस गळले, मागे चिघळलेली जखम राहिली. एवढ्यावर शहाणपण यायला हवं होतं. पण 1920 च्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाची क्ष-किरण यंत्रं ब्यूटी पार्लरांत बसली आणि हजारो तरुणींनी हनुवटी त्यांच्यापुढे धरली. वेदना नाही, दोरा नाही, सुई नाही. काही वर्षांनी सुरकुत्या आणि व्रण आले, आणि कित्येकींना कर्करोग झाला. त्याच सुमारास ‘कोरेम्लू’ नावाची मलई विकली जात होती. तिच्यात थॅलियम होतं, उंदीर मारायला वापरतात ते.

आज मेडिकलच्या काउंटरवर मिळणारं केस काढायचं क्रीम त्यामानाने सौम्य. चर्मकार चुना आणि सोडियम सल्फाइड लावून कातड्यावरचे केस सोडवतात. क्रीममधलं थायोग्लायकोलेट त्याच तत्त्वावर केसातल्या प्रथिनाचे बंध तोडतं. कातडीतही प्रथिनं असतातच, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं आणि चेहऱ्यासाठी वेगळं मिळतं तेच घ्यायचं.

लेझरची कथा जन्मखुणांपासून सुरू होते. 1983 मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलं, की प्रकाशाची योग्य तरंगलांबी आणि योग्य तेवढाच क्षण निवडला तर आजूबाजूची कातडी न भाजता नेमकं लक्ष्यच तापवता येतं. त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या लाल डागातल्या रक्तवाहिन्या. पुढे लक्ष्य बदललं, केसातला काळा रंग आला. इथेच भारतीय मुलीची अडचण होते, कारण तो रंग तिच्या कातडीतही असतो. गोऱ्या कातडीसाठी बेतलेली किरणं सावळ्या गालावर भाजल्याचे डाग ठेवतात. म्हणून 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग यंत्र आपल्याकडे अधिक सुरक्षित मानलं जातं. सहा-आठ बैठका लागतात, केस कमी होतात, पण कायमचे नाहीसे होतीलच असं नाही. काहींच्या बाबतीत, विशेषतः हार्मोन्सचा गोंधळ असलेल्या सावळ्या मुलींत, लेझरनंतर आसपास उलट नवे केस उगवतात. नाशिकच्या फलकावर ‘कायमची सुटका’ वाचून पॅकेजचे पैसे भरणाऱ्या आईला ही ओळ कुणीतरी वाचून दाखवायला हवी.

एवढी यंत्रं आली तरी दोरा हटला नाही. तो भारतीय बायकांबरोबर अमेरिकेतही गेला. टेक्सास राज्याने दोरा फिरवणाऱ्यांवर साडेसातशे तासांच्या प्रशिक्षणाची सक्ती केली. त्यांतलं बरंचसं दोऱ्याशी संबंधच नसलेलं. कारागीर कोर्टात गेले आणि 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. दोऱ्यावरचा खरा आक्षेप निराळा आहे: दातात धरलेलं टोक, न धुतलेले हात, त्यातून पसरणारे चामखीळ आणि फोड. कोविडनंतर बऱ्याच पार्लरवाल्यांनी दोरा दातांऐवजी गळ्यात अडकवायला सुरुवात केली, ती चांगलीच सुधारणा.

हनुवटीवर अचानक राठ, काळे केस येऊ लागले, जोडीला पाळी चुकू लागली, वजन वाढलं, तर प्रश्न चेहऱ्याचा राहत नाही. बहुधा तो पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराचा असतो. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी 1935 मध्ये त्याचं वर्णन केलं. अशा मुलीला दर महिन्याला दोरा लावूनही पुरत नाही, आणि हे सर्वांत आधी पार्लरवालीच्या लक्षात येतं. तिने ‘एकदा बाईंच्या डॉक्टरला दाखव’ म्हटलं तर ते कुठल्याही फेशियलपेक्षा मोलाचं. 2024 मध्ये उत्तर प्रदेशात दहावीत पहिल्या आलेल्या मुलीच्या गुणांऐवजी तिच्या ओठावरच्या केसांची चर्चा देशभर झाली, तेव्हा डॉक्टरी सल्ला न मागता देणारे मात्र लाखांनी निघाले.

डॉक्टर जी मलमं लिहून देतात त्यांत एक असतं एफ्लॉर्निथिनचं. हे औषध तयार झालं कर्करोगासाठी, उपयोगी पडलं आफ्रिकेतल्या निद्रारोगावर. शुद्ध हरपलेले रुग्ण त्याने उठून बसत. पण ते रुग्ण गरीब, म्हणून 1990 च्या दशकात कंपनीने ते बनवणं थांबवलं. मग 2000 मध्ये तेच द्रव्य बायकांच्या चेहऱ्यावरच्या केसांची वाढ मंदावणारं मलम म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. मिशीसाठी औषध बनतं आणि मरणाऱ्यांसाठी बनत नाही, अशी ओरड झाली. अखेर 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन निद्रारोगाची इंजेक्शनं पुन्हा आफ्रिकेत जाऊ लागली. मलम केस काढत नाही, फक्त वाढ मंदावतं. लावणं थांबवलं की साधारण दोन महिन्यांत सगळं पूर्ववत होतं.