दृष्टांतपाठाची रचना आणि संरचित अंकीय लेखनाचे अध्यापन

तांत्रिक संप्रेषणाच्या अभ्यासक्रमात संरचित लेखन ही संकल्पना सर्वस्वी परकी मानली जाते. मजकूर कसा दिसावा याआधी त्यातील प्रत्येक घटक काय आहे हे लेखकाने नोंदवावे, असे या पद्धतीचे स्वरूप होय. १९९८ मध्ये एक्सएमएल आणि २००५ मध्ये डिटा ही मानके प्रसिद्ध झाली. डिटामध्ये संकल्पना, कृती व संदर्भ असे विषयखंडांचे मुख्य प्रकार असून एकच खंड अनेक पुस्तिकांत वापरता येतो. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला हे समजावण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे वास्तव्य जवळच्याच पैठण परिसरात होते. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा संकलित केल्या. केसोबासांनी त्यांच्या वचनांचा व दृष्टांतांचा स्वतंत्र पाठ सिद्ध केला. दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांची घडण ठरलेली आहे. सूत्र हे स्वामींचे वचन, दृष्टांत ही त्यांनीच सांगितलेली कथा आणि दार्ष्टांतिक हे केसोबासांनी दिलेले स्पष्टीकरण. या विभागणीमुळे गुरूचे शब्द कोणते व भाष्यकाराचे कोणते, हे सरमिसळ न होता टिकून राहिले. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत धोक्याची सूचना, कृतीची पायरी आणि तिचे विवेचन वेगळे ठेवण्याचा हेतू याहून फारसा निराळा नाही.

अंकीय मराठीत मात्र ही जाण उशिरा आली. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी अक्षरजुळणीत रोमन संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले फॉन्टच दीर्घकाळ चालले. फॉन्ट बदलला की मजकूर निरर्थक होई. महानुभावांची सकळ लिपीही किल्लीवाचून अवाच्य होती. पण ती हेतुपुरस्सर होती, ही केवळ सोयीपोटी! अशा मजकुरात शोध घेणेच जेथे दुष्कर, तेथे घटकांच्या पुनर्वापराची गोष्टच नको. शीर्षक म्हणजे ठळक केलेली ओळ, ही समजूत त्याच काळात रुजली.

म्हणून पहिला पाठ आंधळे आणि हत्ती या परिचित दृष्टांताचा घ्यावा. विद्यार्थ्याने युनिकोडमध्ये तो टंकित करून तिन्ही घटकांना खुणा द्याव्यात, प्रत्येक घटकासमोर वक्त्याचे नाव नोंदवावे आणि त्याच फायलीतून एकदा केवळ सूत्रे, एकदा संपूर्ण पाठ काढावा. घटकांचा नियम आधी लिहून दिला असल्यास एखादा घटक सुटल्याचे संगणक दाखवील. दार्ष्टांतिक कथेशी जुळते की नाही, हे मात्र तो सांगत नाही. ते अध्यापकाला वाचूनच तपासावे लागते.