कॅप्टन नेमो आणि बिननावाच्या विटा

जगात माल दोन प्रकारचा असतो. नावाचा आणि बिननावाचा. नावाच्या मालाला किंमत असते, बिननावाच्या मालाला भाव असतो. किंमत डब्यावर छापलेली असते आणि ती मुकाट्याने मोजायची असते. भाव मात्र करायचा असतो. हा भेद मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवला नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर तो अर्ध्या तासात कळतो, आणि फीसुद्धा पडत नाही.

पण इतिहासाची गंमत अशी, की नावाच्या मालाची वंशावळ काढायला बसलं, तर दोन-तीन पिढ्यांमागे एखादा बिननावाचा पूर्वज हटकून निघतो. थोरामोठ्यांच्या घराण्यांचंही असंच असतं म्हणा. मला हा शोध लागला तो खेळण्यातल्या विटांमुळे.

आमचे चिरंजीव सहावीत आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या हाती ज्यूल व्हर्न लागला. भा. रा. भागवतांनी हा फ्रेंच गृहस्थ मराठी मुलांच्या घरात आणून सोडला, त्याला कैक वर्षं झाली. पण तो अजून मुक्काम हलवायला तयार नाही. पुस्तक मिटल्यावर चिरंजीवांनी जाहीर केलं, की आपण कॅप्टन नेमोची ‘नॉटिलस’ ही पाणबुडी विटांची बांधायची आणि ती एक मीटर लांब असायची.

आमच्या लहानपणी बांधकाम म्हणजे दिवाळीतला किल्ला. माती अंगणातली, दगड शेजाऱ्यांचे (शेजारी झोपलेले असताना), मावळे कुंभाराचे आणि बुरुजावर अळीव पेरलेले. त्या किल्ल्याचं पेटंट कुणी घेतलं नव्हतं. ज्याच्या वडिलांचं बरं चाललेलं असे त्याच्याकडे ‘मेकॅनिक्स’चा डबा असायचा; भोकं पाडलेल्या पट्ट्या, चाकं, नट आणि बोल्ट. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पेटंट घेतलेल्या खेळण्याचं पुढे ‘मेकॅनो’ झालं, त्याचा हा आपला देशी चुलतभाऊ. त्या डब्याच्या मालकाचा वर्गात रुबाब इतका, की गृहपाठ त्याला करावाच लागत नसे.

आता ‘नॉटिलस’. व्हर्नने १८६९-७०च्या सुमारास ही बोट कागदावर उतरवली, आणि मापांसकट उतरवली. लांबी ७० मीटर, रुंदी ८ मीटर, घनफळ सुमारे १५०० घनमीटर. एक मीटरची प्रतिकृती म्हणजे सत्तरास एक हे प्रमाण. खेळण्यातली आठ बटणांची नेहमीची वीट ३२ मिलिमीटर लांब, १६ रुंद आणि ९.६ उंच असते. हे सगळं मी बँकेच्या व्हाउचरच्या पाठीमागे (रद्द झालेल्या, याची नोंद घ्यावी) मांडलं, तेव्हा भरीव बोटीला सुमारे ८९० विटा लागतील असं उत्तर आलं. सौभाग्यवतींनी लगेच विचारलं, “केवढ्याला पडेल?” ज्या प्रश्नाने मोठमोठी आरमारं बंदरातच राहिली, तो हा प्रश्न.

नावाच्या विटा म्हणजे ‘लेगो’. त्यांनी २०१७ साली ‘स्टार वॉर्स’ सिनेमातलं ‘मिलेनियम फाल्कन’ हे अवकाशयान बाजारात आणलं. तुकडे ७५४१, किंमत अमेरिकेत ८०० डॉलर. म्हणजे त्या वेळच्या दराने पन्नास हजार रुपयांच्या वर. आमच्या शाखेत एवढ्या रकमेसाठी अर्ज, दोन फोटो आणि जामीनदार लागतो. तेव्हा आमची बोट बिननावाच्या विटांची होणार, हे पहिल्या बैठकीतच ठरलं.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. “पण बाबा, त्या डुप्लिकेट असतात ना?”

या ‘डुप्लिकेट’ शब्दासाठी मी जरा वाचन केलं. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं गाव आहे. तिथले सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन यांनी १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी प्लॅस्टिक ओतायचं यंत्र घेतलं आणि १९४९ साली एकमेकींत बसणाऱ्या विटा विकायला काढल्या. आता या विटा त्यांना स्वप्नात दिसल्या का? तर नाही. इंग्लंडात हिलरी पेज नावाचे गृहस्थ ‘किडिक्राफ्ट’ या नावाने तशाच विटा आधीपासून करत होते. त्या विटा बिलुंडला पोचल्या, आणि सुतारकाकांनी त्यांत थोडे फेरफार करून आपल्या घडवल्या. पेज १९५७ साली वारले. आपल्या विटेचं डेन्मार्कात काय झालं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. लेगोने किडिक्राफ्टच्या विटेचे हक्क रीतसर विकत घेतले ते १९८१ साली. म्हणजे पावती फाडली, पण गिऱ्हाईक दुकानातून निघून तीस वर्षं झाल्यावर.

मात्र डॅनिश मंडळींचं श्रेय नाकारून चालणार नाही. जुनी वीट बसायची पण धरायची नाही. ओले यांचे चिरंजीव गॉडफ्रेड यांनी विटेच्या पोटात पोकळ नळ्या घातल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटचा अर्ज केला. या नळ्यांमुळे वीट विटेला घट्ट धरू लागली. परिणाम असा, की आठ बटणांच्या फक्त सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. हा आकडा वाचून चिरंजीव हरखले. मला मात्र घरातल्या सहा माणसांची आठवण झाली. ती एका प्रकारेही जुळत नाहीत.

पेटंटला मुदत असते. ती संपली, की युक्ती सगळ्या जगाची. मग लेगोने म्हटलं, की विटेचा आकार हीच आमची ओळख. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० साली उत्तर दिलं, की जो आकार काम करण्यासाठीच आहे, त्याच्यावर व्यापारचिन्ह म्हणून कायमची मालकी सांगता येत नाही. म्हणजे तशी वीट कुणीही करावी. फक्त दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा डबा आणि दुसऱ्याची रचना उचलू नये. चीनमधल्या ‘लेपिन’वाल्यांनी नेमकं तेच केलं. लेगोचे नवे संच आणायचे, सुटे करायचे, तुकड्या-तुकड्याची नक्कल करायची, आणि डब्यावर ‘स्टार वॉर्स’च्या जागी एक अक्षर बदलून ‘स्टार व्नर्स’ छापायचं! हा शब्द उच्चारता येईल त्याला मी लाँचचं तिकीट काढून देईन. एप्रिल २०१९ मध्ये पोलिसांनी धाड घातली. २० कोटी युआनहून अधिक किमतीचे सुमारे ६ लाख ३० हजार तयार संच सापडले, आणि पुढच्या वर्षी शांघायच्या कोर्टाने मुख्य आरोपीला सहा वर्षांची सजा ठोठावली.

“म्हणजे,” मी चिरंजीवांना म्हटलं, “बिननावाचा वेगळा आणि दुसऱ्याचं नाव लावणारा वेगळा. पहिला गरीब, दुसरा चोर.”

मर्कंटाइल लॉच्या पेपरात मला एवढं सुटसुटीत उत्तर लिहिता आलं असतं, तर मी आज मॅनेजर असतो.

आणखी एक मौज ऐका. १९७७च्या सिनेमातलं मूळ ‘मिलेनियम फाल्कन’ ज्यांनी घडवलं, त्यांनी ते कशाने सजवलं होतं? बाजारात मिळणारे रणगाड्यांचे, जहाजांचे, शर्यतीच्या मोटारींचे खेळण्यांचे संच आणून, त्यांतले तुकडे डिंकाने चिकटवून! म्हणजे २०१७ साली ज्याची अस्सल प्रतिकृती ८०० डॉलरला निघाली, ते अस्सलच मुळी दुसऱ्यांच्या खेळण्यांच्या तुकड्यांवर उभं होतं.

आणि कॅप्टन नेमो? त्याची ‘नॉटिलस’ तर बिननावाच्या मालाचा मुकुटमणी. बोटीचा कणा फ्रान्समधून, पत्रे लिव्हरपूलहून, पंखा ग्लासगोहून, इंजिन प्रशियातल्या क्रुपकडून, टोकाची सोंड स्वीडनहून, उपकरणं न्यूयॉर्कहून. प्रत्येक ऑर्डर वेगळ्या नावाने दिलेली, म्हणजे कुठल्याच कारखान्याला आपण काय बनवतोय याचा पत्ता नाही. जोडणी एका निर्जन बेटावर, आणि काम झाल्यावर बेटावरच्या खुणा जाळून टाकलेल्या. बांधकामाचा खर्च १६ लाख ८७ हजार फ्रँक. हिशोब स्वतः नेमोनेच सांगितलेला आहे. कादंबरीच्या नायकाने खर्च एवढा चोख सांगितल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. आणि ‘नेमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थ काय? ‘कोणीही नाही.’ बिननावाच्या बोटीचा बिननावाचा कप्तान!

हा ‘कोणीही नाही’ मुळात पोलंडचा सरदार व्हायचा होता, रशियनांनी ज्याचं घरदार मारलं असा. पण व्हर्नचे प्रकाशक एत्झेल यांनी नको म्हटलं. व्हर्नची पुस्तकं रशियात खपत होती ना! मग पुढे ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत व्हर्नने त्याचं गाव सांगितलं. तो निघाला आपला, बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. १८५७च्या उठावात लढला, राज्य गेलं, कुटुंब गेलं, तेव्हा जमिनीकडे पाठ फिरवून समुद्रात शिरला.

उलटा प्रकार आपल्याकडेही घडला आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक कोणी नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरं उलटी केलेली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ते पत्नीचं. जगात बिननावाचे लोक मोठं नाव लावून माल खपवतात. या माणसाने मोठं नाव काढून ठेवलं आणि माल तपासून घेतला.

हे सगळं ऐकल्यावर चिरंजीवांची डुप्लिकेटबद्दलची तक्रार संपली, आणि मोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये गोदीचं काम सुरू झालं. विटा चार ठिकाणांहून आल्या. अब्दुल रेहमान स्ट्रीट, उरणची बाजारपेठ, एका भाच्याचा जुना डबा आणि मामेबहिणीची माळ्यावरची पिशवी. नव्या विटांवर आयएसआयचा शिक्का होता. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. परदेशी खेळण्यांवरची जकातही २० टक्क्यांवरून आधी ६० आणि मग ७० टक्क्यांवर गेली आहे. एरवी ही खेळणी यायची कुठून? आमच्याच उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरातून. आमच्या दारावरून जगाची खेळणी मुंबईला जायची, आणि आम्ही ती लाँचने भाऊच्या धक्क्यावर जाऊन परत आणायचो. ओहोटी असली की लाँच मोऱ्याच्या गाळात अडकणार, हा नियम खेळण्यांनाही लागू.

चार जातींच्या विटा एकत्र बसेनात. पत्रिका जुळते पण संसार जुळत नाही, असं झालं. याचं कारण पुन्हा हिशोबातलंच. एका बटणामागे दोन शतांश मिलिमीटरचा फरक. तो डोळ्याला दिसत नाही. पण एक मीटरच्या बोटीत सव्वाशे बटणं रांगेत येतात. म्हणजे शेपटाशी पोचेपर्यंत फरक अडीच मिलिमीटर! ताळेबंदात दोन पैसे चुकले, तर रात्री आठपर्यंत बँकेत बसलेल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. तोडगा चिरंजीवांनी काढला, आणि तो थेट नेमोचा होता. सोंड एका जातीच्या विटांची, पोट दुसऱ्या, शेपूट तिसऱ्या. प्रत्येक भाग आपापला पुरा करायचा, आणि मध्ये चौथ्या जातीच्या सैल विटांचे सांधे. सतरा दिवसांत बोट उभी राहिली. रंग पाच. सौभाग्यवतींच्या मते गोधडी.

शेजारचे नाखवा बघायला आले. आयुष्य दर्यावर गेलेला माणूस. त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली.

“ही होरी कंची रं पोरा?”

“पाण्याखालून जाते, नाखवा.”

“पान्याखालना? मंग जाला कवा टाकाचा?”

या प्रश्नावर व्हर्नपाशीही उत्तर नाही. मग चिरंजीवांनी त्यांना कप्तानाची सगळी गोष्ट सांगितली. राज्य गेलं, घर गेलं, आणि तो दर्यात राहायला गेला. नाखवा गप्प झाले. त्यांचं सासर शेव्याचं. १९८९ साली सुरू झालेल्या बंदरासाठी शेव्याचा कोळीवाडा उठवला, आणि माणसं उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात आणून बसवली. तिथल्या घरांना वाळवी लागली. सासऱ्यांची खाडी मागे राहिली ती राहिलीच. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या मागे याच तालुक्यातले शेतकरी उभे राहिले, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. विटांचा खेळ मोडून पुन्हा मांडता येतो. गावाच्या पोटात कसल्या नळ्या असतात कोण जाणे. एकदा सुटं केलं, की दुसऱ्या जागी ते तसं बसत नाही.

“मंग तो कप्तान आपल्यातलाच हाय,” नाखवा शेवटी म्हणाले. “पन नंबर खय हाय होरीवर? नंबर घाल रं, नायतं कस्टमवाला धरल.”

चिरंजीवांनी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, सोंडेच्या मागे चिकटवली आणि त्यावर विचार करून आकडा घातला, ८९०. प्रत्यक्षात बोट पोकळ आहे आणि विटा सहाशेच्या आत लागल्या आहेत. पण सरकारी कागदावर अंदाजपत्रकातलाच आकडा घालायचा असतो, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते रक्तातच असावं.