कबड्डीचे बुवा

‘हुतूतू’ हा शब्द महाराष्ट्राने सहजासहजी सोडलेला नाही. उत्तरेत कबड्डी, बंगालमध्ये हाडुडू, मद्रासकडे चेडुगुडू, अशी एकाच खेळाची निरनिराळी नावे देशभर नांदत होती आणि प्रत्येक प्रांताला आपलाच खेळ अस्सल वाटे. खुद्द महाराष्ट्रातही संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत तो डाव संपेपर्यंत बाहेर बसे, तर अमरमध्ये गडी मैदानातच राही आणि गुण मात्र नोंदला जाई. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम बांधून अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे केली. पुढे १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५२ साली मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. एका देशाचा एक खेळ व्हावयाचा, तर कोणाला तरी आपल्या घरचे नाव मागे ठेवावे लागणार होते. महाराष्ट्राने ते ठेवले. हा त्याग लहान नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

या नव्या नावाला घरोघर नेऊन बसविण्याच्या कामी ज्यांचे आयुष्य वेचले गेले, त्यांत शंकरराव साळवी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. सारा महाराष्ट्र त्यांना ‘बुवा’ म्हणून ओळखे. ‘कबड्डी महर्षी’ ही पदवी त्यांना कोणत्या विद्यापीठाने दिलेली नाही. ती लोकांच्या तोंडी रुळली.

बुवांचे कार्य समजून घ्यावयाचे, तर मुंबईचा तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर या गिरणगावच्या वस्तीत कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार राहत असे. पाळी सुटली की चाळीमागच्या मोकळ्या जागेत तो चड्डी कसून उतरे. क्रिकेटला पांढरे कपडे लागतात, हॉकीला काठी लागते. येथे एक दम आणि दोन मांड्या पुरत. साहजिकच या खेळाकडे सभ्य समाज बराच काळ उपेक्षेने पाहत राहिला. अशा खेळासाठी संघटना चालविणे म्हणजे काय, हे बाहेरच्यास क्वचितच कळते. मैदानाची माती चाळून पाणी मारावयाचे, फक्कीने मध्यरेषा व निदानरेषा आखावयाच्या, पंच मिळवावयाचे, गुणपत्रके भरावयाची, भाग्यपत्रिका काढताना रुसलेल्या मंडळांची समजूत घालावयाची, आणि सामना संपल्यावर हरलेल्या संघाची तक्रार ऐकून घ्यावयाची. यांतील बहुतेक कामांना मोबदला नव्हता. दिवसा पोटाची नोकरी आणि संध्याकाळी मैदान, हाच असंख्य कार्यकर्त्यांचा नेम होता. पुढे रेल्वे, बँका आणि मोठे कारखाने कबड्डीपटूंना नोकरी देऊ लागले. चाळीतल्या मुलाच्या पकडीला पगाराची किंमत आली, ही त्या कार्यकर्त्यांची फार मोठी कमाई होय. पदके त्यानंतर येतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, तेव्हा त्या नोकऱ्यांचे मोल अधिकच कळले.

रायपूरच्या शंकर नगरात राहणाऱ्या मराठी श्रोत्याला ही सारी मुंबईची गोष्ट वाटेल. परंतु या इतिहासातील एक महत्त्वाचे पान त्याच्या दाराशीच लिहिले गेले. रायपूरपासून सुमारे ३० किलोमीटरांवरच्या भिलाईत, १९७८ साली, राष्ट्रीय स्पर्धेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने आशियाई कबड्डी महासंघाची स्थापना झाली. पोलादाच्या त्या गावात मातीचा खेळ आशिया खंडाचा झाला. पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९८० साली कलकत्त्यास भरली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांत कबड्डी प्रात्यक्षिकापुरती होती. १९९० साली बीजिंगमध्ये ती पदकाची झाली आणि भारताने सुवर्णपदक मिळविले.

त्यानंतर २०१४ पर्यंत पुरुषांचे सुवर्ण भारताबाहेर गेले नाही. त्याच वर्षी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीची जागा मॅटने घेतली आणि खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. जुन्या मंडळींतील काहींना हे रुचले नाही, आणि मातीतल्या कबड्डीचा वास ज्याने घेतला आहे त्याला त्यांचा राग समजू शकतो. तरी पैशाअभावी खेळ सोडून गेलेली गुणी मुले आठवली, की तो राग टिकत नाही. २०१८ साली जकार्तामध्ये इराणने उपांत्य सामन्यात भारताला हरविले. देशभर हळहळ झाली. पण खेळ इतर राष्ट्रांनी शिकावा म्हणूनच तर भिलाईची ती बैठक होती!

छत्तीसगडात २०२२ साली ग्रामीण खेळांचे ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ भरले, तेव्हा त्यात फुगडी आणि गिल्ली-दांडूबरोबर कबड्डीही होती. महाराष्ट्रात बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. जुने खेळाडू आणि कार्यकर्ते त्या दिवशी एकत्र जमतात. बाहेर बहुधा पाऊस असतो आणि मैदानाची माती ओली असते.