चिंच, कापूर, तंबाखू आणि धातूचा पिंजरा

मे 1848. तुम्ही नांदूरघाटात चिंचेखाली बसलेले आहात. बालाघाटच्या मुलखातलं हे गाव आत्ता निजामाच्या राज्यात आहे. झोडपलेल्या चिंचांचा ढीग पुढ्यात पडलाय, बायका टरफलं काढून चिंचोके वेगळे करतायत. त्यातलं एक बुटूक तोंडात टाका. दात आंबवतंय ते टार्टारिक आम्ल. इतकं टार्टारिक दुसऱ्या फळात क्वचितच सापडेल. या आम्लाच्या रेणूची दोन रूपं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात, कशीही फिरवली तरी एकावर एक न बसणारी. रसायनशास्त्रात या डाव्या-उजवेपणाला कायरॅलिटी म्हणतात. चिंचेचं झाड त्या दोनांपैकी एकच रूप घडवतं, ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवणारं. दरसाल, प्रत्येक फांदीवर, तेच.

आता त्याच महिन्यातल्या पॅरिसला चला. एकोल नॉर्मालच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षांचा लुई पाश्चर भिंगावर वाकलाय. त्याच्यापुढे टार्टारिकच्याच एका भावंडाचा सोडियम-अमोनियम क्षार आहे. त्याचं द्रावण प्रकाशाला कुठेच वळवत नाही. पण नीट पाहा: काही स्फटिकांचा एक बारका पैलू उजवीकडे कललाय, काहींचा डावीकडे. पाश्चर चिमट्याने एकेक उचलून दोन ढिगाऱ्या करतो. एकीचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवतं, दुसरीचं डावीकडे. डावं-उजवं माणसाच्या हाताने वेगळं झालं ते हे पहिल्यांदा.

खोलीतला गारवा जाणवला का? सगळं त्याच्यावर अडलंय. या क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक वेगवेगळे पडतात ते सुमारे 27 अंश सेल्सियसच्या खालीच. त्याहून उष्णता वाढली की दोन्ही रूपं एकाच स्फटिकात गुंफली जातात. नांदूरघाटच्या मे महिन्यात, भर दुपारी हेच भांडं त्या चिंचेखाली ठेवलं असतं तर निवडायला काही उरलंच नसतं.

1911, झुरिक. डावं-उजवं ही कार्बनचीच मिरास, असं मानणारे पुष्कळ आहेत. आल्फ्रेड वेर्नर यांना ते पटत नाही. त्यांच्या मते कोबाल्टच्या अणूला दोन-दोन जागी धरणारे रेणू त्याच्याभोवती पंख्याच्या पात्यांसारखे पिळलेले बसतात, आणि तो पीळ डावा असतो किंवा उजवा. त्यांचा विद्यार्थी व्हिक्टर किंग कापरापासून केलेलं एक आम्ल वापरतो. ते एकाच बाजूचं असल्याने डाव्या आणि उजव्या कोबाल्टशी त्याचे क्षार सारखे विरघळत नाहीत. एक आधी खाली बसतो, दुसरा द्रावणात राहतो. 1913 चं नोबेल मिळाल्यावरही वेर्नर थांबत नाहीत. पुढच्याच वर्षी ते कार्बनचा एकही अणू नसलेलं संयुग डावं-उजवं करून दाखवतात.

मात्र इथवर सगळा खटाटोप आधी मिसळ करून मग निवडण्याचा आहे. रचना स्वतःच स्वतःला बांधू लागली तर तिचा पीळ कोण ठरवणार?

त्यासाठी 2001 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला, केनेथ रेमंड यांच्याकडे थांबा. इथे जरा वेळ काढा, कारण मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत देखणी गोष्ट ही वाटते. गॅलियमचे आयन आणि दोन्ही टोकांनी धातू पकडणारा एक ताठ रेणू द्रावणात सोडला, की चार गॅलियम आणि सहा रेणू आपोआप चौकोनी नव्हे, चतुष्फलकी पिंजरा उभा करतात: चार कोपरे, सहा कडा. प्रत्येक कोपऱ्याला डावा किंवा उजवा पीळ आहे. पण कडा ताठ असल्याने एका कोपऱ्याचा पीळ दुसऱ्यापर्यंत पोचतो, आणि चारही कोपरे एकाच बाजूचे होतात. मिश्र पिंजरा बसतच नाही. तरीही डावे पिंजरे आणि उजवे पिंजरे निम्मे-निम्मे असतात. ते वेगळे करतो निकोटिनपासून बनवलेला आयन. तंबाखूचं झाडही निकोटिनचं मुख्यतः एकच रूप तयार करतं. नंतर तो आयन काढून टाकला तरी पिंजरा महिनोन्महिने आपली बाजू सोडत नाही. गॅलियमचे बंध सुटत-जुळत राहणारे आहेत, पण एकट्या कोपऱ्याने उलटायचं म्हटलं तर उरलेले तिघे त्याला रोखून धरतात.

चिंच, कापूर, तंबाखू. डाव्या-उजव्याचा निवाडा करायची वेळ आली की रसायनशास्त्रज्ञ पुन्हापुन्हा झाडापाशी गेले. सजीवांनी ती निवड केव्हाच करून ठेवलेली आहे. धातूला ती उसनी घ्यावी लागते.

शेवटचा मुक्काम पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत, 2019 साली. आर. बूमिशंकर यांच्या गटाने उसनवारी थेट पायाभरणीतच घातलीय. पॅलॅडियमच्या तीन-तीन अणूंच्या कोपऱ्यांवर त्यांनी एकाच बाजूचं अमाइन जोडलंय. डावं जोडा, डाव्या बाजूचा पिंजरा मिळतो. उजवं जोडा, त्याचं प्रतिबिंब. आता त्यात स्टायरीन ऑक्साइड या संयुगाच्या डाव्या-उजव्या रूपांचं मिश्रण सोडा. पिंजऱ्याच्या पोकळीत दोन्ही रूपांना सारखी जागा मिळत नाही. एक अधिक धरलं जातं, दुसरं अधिक बाहेर राहतं. पाश्चरच्या चिमट्याचं काम इथे बारा पॅलॅडियम अणूंची पोकळी करते, आणि तेही स्फटिकांवर नाही, सुट्या रेणूंवर.